मादी जेवत नाही म्हणजे तयार झाली का? वर्धा जिल्ह्यातल्या एका कॉर्न स्नेक जोडीची केस

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातलं, यवतमाळच्या हद्दीला लागून असलेलं एक गाव. भाऊची घरची शेती कपाशी-तुरीची आणि तालुक्याला मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान. नाव टाकू नको म्हणाला, म्हणून इथं सगळीकडे नुसतं भाऊच म्हणतो. घरात आई, आबाजी, मोठा भाऊ, वहिनी, दोन पोट्टे आणि मागच्या खोलीत दोन कॉर्न स्नेक.

कॉर्न स्नेक हा आपल्याकडचा साप नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीपासून खाली फ्लोरिडापर्यंत सापडणारा, बिनविषारी, भक्ष्याला विळखा घालून मारणारा. साधारण अडीच ते पाच फूट होतो, नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं आरामात जगतो. कायद्याचं आधीच सांगून टाकतो कारण पहिला प्रश्न तोच येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे धामण, नाग, अजगर, तस्कर असे आपले साप घरात ठेवता येत नाहीत, एक दिवस पण नाही. २०२२ च्या दुरुस्तीत साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले परदेशी प्राणी पण कायद्यात आले, त्यात बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर येतो, कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. तरी भाऊनं दोन्हींची बिलं लॅमिनेट करून टँकवरच लावलीत आणि ते बरंच केलं, कारण गावात कोणी ना कोणी विचारतेच.

मादी केशरी-लाल, काळा रंग अजिबात नाही, डोळे लालसर. हिला अ‍ॅमेल म्हणतात. नर साध्या रंगाचा, तपकिरी-तांबडा. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की हा 'हेट अ‍ॅमेल' आहे, म्हणजे दिसायला साधा पण अ‍ॅमेलचा गुण लपून आहे. भाऊचं गणित याच्यावरच उभं होतं. केशरी पिल्लं निघाली तर दोन पैसे पण भेटतील.

अडचण

पहिल्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. मी सर्पमित्र म्हणून फिरतो आणि परदेशी साप पाळणारे दोन-चार जण ओळखीचे आहेत, एवढाच माझा संबंध. म्हणाला, "दोघंही जेवत नाई, रातभर फिरून राहिले, मादी काचेले नाक घासून राहिली. तयार झाली वाटते. टाकू का आजच नराजवळ?"

आता हे तो कुठून शिकला तर व्हिडिओ पाहून. व्हिडिओत खोटं काही नव्हतं. विणीच्या हंगामात नर जेवण सोडतो, फिरतो, बेचैन होतो हे खरंच आहे. पण सापाकडे दाखवायला मोजक्याच गोष्टी असतात, जेवण सोडणं, फिरणं, लपणं, पाण्यात बसणं, आणि कारणं मात्र ढीगभर. थंडी वाजली तरी जेवण सोडतो, कात टाकायची असली तरी सोडतो, पोट बिघडलं तरी सोडतो. म्हणून लक्षण एकटं बघून काहीच ठरवता येत नाही, त्याच्या मागचा दोन-तीन महिन्यांचा हिशोब लागतो.

हिशोब होता, पण वहीत नाही, डोक्यात. विचारत विचारत काढला तेव्हा कळलं की डिसेंबरमध्ये मादीनं एकदा उंदीर खाऊन तिसऱ्या दिवशी उलटून टाकला होता. भाऊला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. माझ्या मते अख्ख्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती होती.

दोघांचं वागणं वेगवेगळं वाचलं

त्याला म्हटलं आधी दोघांना वेगवेगळं बघ, जोडी म्हणून बघू नको. किराण्याचा डिजिटल काटा घे, झाकणाच्या डब्यात साप ठेव, डब्याचं वजन वजा कर.

नर भरला ३१० ग्रॅम, वय अडीच वर्षं. डोळे स्वच्छ, कात महिन्याआधीच एकसंध टाकलेली, पोट घट्ट. जेवण सोडलं होतं पण अंग उतरलेलं नव्हतं. रात्री टँकच्या चारही बाजूनं गोल फिरायचा, जीभ सारखी बाहेर, आणि मादीच्या टबमधला टिश्यू त्याच्या टँकमध्ये टाकला तर त्याच्यावरून झटके देत सरकायचा. हे हंगामाचंच लक्षण.

मादी २३६ ग्रॅम, वय बावीस महिने. डोळे दुधाळ, अंगाचा रंग मळकट, पोटाकडचे खवले गुलाबीसर. म्हणजे कात टाकायच्या आधीची अवस्था, पाळणारे लोकं याला 'ब्लू' म्हणतात. यात सापाला नीट दिसत नाही, तो चिडका होतो, लपतो, बहुतेक जण जेवत नाहीत. आठवड्याभरात डोळे परत स्वच्छ होतात आणि मग चार-पाच दिवसांत कात निघते. नाक घासणं त्याच्यातलंच. वरून उलटीचा इतिहास, आणि खोलीचं तापमान. मागची खोली टिनाची, जानेवारीच्या रात्री १० डिग्रीपर्यंत गेलेली, हीट मॅटला (टँक उबदार ठेवणारी विजेची चटई) थर्मोस्टॅट नाही, आणि लाईन गेली की मॅट पण थंड. सापाला अन्न पचवायला बाहेरून ऊब लागते, उबदार बाजू २८ ते ३० च्या आसपास पाहिजे. ती नाही मिळाली तर पोटातला उंदीर सडतो आणि साप तो टाकून देतो.

एकाच खोलीत दोन साप, दोघांची लक्षणं सारखी, आणि एक खरंच हंगामात तर दुसरी थंडीनं आणि पोटानं बेजार.

समोर कोणते पर्याय होते

पहिला, लगेच एकत्र टाकायचं. भाऊचं मन तिकडेच होतं. "झालं तर झालं, नाई झालं तर काय बिघडते?" पण बिघडते. पाळणाऱ्यांमध्ये मादीसाठी एक ठोकताळा चालतो, तीन वर्षं, तीन फूट, तीनशे ग्रॅम. हा काही नियम नाही, काही जण आधी पण लावतात, पण त्यामागचं कारण पक्कं आहे. अंडी बनवायला मादी स्वतःच्या अंगातली चरबी आणि कॅल्शियम वापरते, आणि लहान मादीत अंडी मोठी पडून अडकायचा धोका वाढतो. अंडं अडकलं तर घरी करण्यासारखं फार काही नसतं, डॉक्टरच लागतो. तालुक्याचे गुरांचे डॉक्टर भला माणूस, त्यांनी सरळ सांगितलं, "मले सापाचं नाई समजत बापा." साप बघणारा डॉक्टर नागपूरला, म्हणजे मे महिन्यात बसनं किंवा मोटरसायकलनं डब्यात साप घेऊन दोन-अडीच तास. हे अंतर पण निर्णयात धरायला पाहिजे, शहरातल्या माणसाला ते सुचणार नाही.

दुसरा पर्याय, वर्षभर थांबायचं, मादीला भरवायचं, पुढच्या हिवाळ्यात नीट थंडीची विश्रांती द्यायची आणि मग बघायचं. तिसरा, जोडी लावायचीच नाही. हा मी मुद्दाम मांडला. पिल्लं कोणाला देणार, पंधरा पिल्लांना पंधरा डबे आणि दर आठवड्याला पंधरा पिंकी (उंदराची नुकती जन्मलेली पिल्लं) कुठून आणणार, याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. उरलेली पिल्लं शेतात सोडून देणं हा तर पर्यायच नाही, परदेशी साप आपल्या रानात सोडायचा म्हणजे इथल्या जीवांवर संकट, आणि गावाच्या हातात सापडला तर त्याचा मार खाऊन मरणं ठरलेलं.

पहिला निर्णय आणि मधलं वर्ष

थांबायचं ठरलं. भाऊ चार दिवस नाराज होता. मग कात टाकली मादीनं, तुकड्यातुकड्यात निघाली, शेपटीच्या टोकाला जुनी कात अडकून राहिलेली, कोमट पाण्याच्या ओल्या फडक्यातून तिला सरकू दिलं तेव्हा सुटली. ती तुकड्यातली कात बघून मात्र त्यालाच पटलं, हवा कोरडी होती आणि मादी आतून पाण्यालाही कमी पडली होती.

उलटी झालेल्या सापाला लगेच मोठा उंदीर द्यायचा नसतो. दोन आठवडे पोट रिकामं, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा, मग हळूहळू वर. साडेतीनशे-चारशेचा थर्मोस्टॅट लावला, मॅटला जुन्या इन्व्हर्टरवर घेतलं, आणि एक शाळेची वही केली. तारीख, वजन, काय खाल्लं, कात कधी, खोलीचं सकाळचं आणि दुपारचं तापमान. मला विचाराल तर हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात कामाचा बदल.

उंदरांचं वेगळंच रामायण. भाऊनं मारलेले उंदीर घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा प्रयत्न केला, आईनं एकच वाक्य टाकलं, "फ्रिजात उंदरं ठेवले तर म्या सैपाक नाई करत." मग दुकानात एक सेकंडहँड छोटा फ्रिज घेतला. पांढरे उंदीर तो स्वतःच कोठ्याच्या कोपऱ्यात वाढवतो. शेतातले उंदीर द्यायचा मोह गावात फार होतो कारण फुकट आहेत, पण शेतात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड टाकतात, ते खाल्लेला उंदीर सापानं खाल्ला तर साप पण धोक्यात, आणि अंगावरचे कीडे-गोचीड वेगळेच. जिवंत उंदीर पण नको, कोपऱ्यात सापडला की उंदीर सापाला चावतो, मी अशा जखमा बघितल्या आहेत.

नर-मादी पक्की करणं पण याच वर्षात केलं. दुकानदारानं शेपटी बघून सांगितलं होतं, नराची लांब आणि बुडाशी जाड, मादीची आखूड आणि लगेच निमुळती. अंदाजाला ठीक आहे पण यात लोकं वर्षानुवर्षं दोन माद्या एकत्र ठेवून वाट बघत बसतात. नागपूरच्या डॉक्टरांनी गुदद्वारातून शेपटीकडे बारीक सळई घालून बघितलं, नरात ती आठ-दहा खवल्यांपर्यंत आत जाते, मादीत दोन-तीनच. हे काम घरी करायचं नाही, जरा जोर लागला तर आतलं फाटतं. जोडी खरी निघाली.

मधे नागपंचमी आली. गावातले पोट्टे साप बघायला यायला लागले, एकानं हातात घेतला, फोटो काढला. भाऊला सांगून ते बंद करवलं. कारण साधं आहे, पाळीव साप हातात घेऊन धीट झालेलं पोट्टं उद्या धुऱ्यावर घोणस दिसली तर तिलाही हात लावेल. आपल्या भागात मण्यार, नाग, घोणस तिन्ही आहेत. टँकला कुलूप लागलं ते तेव्हापासून.

दुसरा हिवाळा

नोव्हेंबरमध्ये मादी ३८५ ग्रॅम, वय अडीच वर्षाच्या वर, लांबी साडेतीन फुटाच्या जवळ. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तीन वर्षं भरत होती. आता प्रश्न आला थंडीच्या विश्रांतीचा.

पुस्तकी पद्धत अशी की दोन-तीन महिने साप १० ते १५ डिग्रीत, अंधारात, अन्न नाही, पाणी कायम. विदर्भात गोम अशी की रात्री १० डिग्री मिळते पण दुपारी २८. साप रात्री गारठतो आणि दुपारी जागा होऊन फिरतो, म्हणजे ना झोप ना जेवण, नुसतं अंगावरचं मांस झडतं. टिनाच्या खोलीत तर हे पक्कं. भाऊ म्हणाला टँक विहिरीच्या मोटरघरात ठेवू, तिथं गार असतं. तिथं गार असतं खरं पण मुंग्या पण असतात आणि खरेखुरे साप पण येतात, म्हणून ते खोडलं.

शेवटी जुन्या घराचं माजघर कामी आलं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, खिडकी एकच. आठवडाभर आधी नुसता थर्मामीटर ठेवून बघितला, रात्री १५ आणि दुपारी १९, याच्या बाहेर गेला नाही. १० डिग्री नाही झाली तर चालते का? कॉर्न स्नेक थोड्याशा गारव्यावर पण जोडी लावतात, काही पाळणारे तर थंडी न देताच पिल्लं काढतात, त्यामुळे हलका पण एकसारखा गारवा हा जास्त खोल पण वरखाली होणाऱ्या गारव्यापेक्षा बरा असं आम्ही ठरवलं. माझं मत आजही तेच आहे.

शेवटचा उंदीर नोव्हेंबरच्या मधे दिला, मग दोन आठवडे उबेतच पण उपाशी ठेवले, कारण पोटात अन्न असताना गार केलं तर ते आत सडतं. डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दोघं वेगवेगळ्या टबमध्ये माजघरात. दर पंधरा दिवसांनी वजन. ठरवलं होतं की वजन दहा टक्क्यांच्या वर उतरलं तर त्याच दिवशी परत उबेत आणायचं. मादी ३८५ वरून ३७२ झाली, नर पण तसाच थोडा. आबाजी रोज सकाळी जाऊन बघून यायचे, "जिवंत आहेत का रे तुये जावई?" असं म्हणायचे.

जोडी लावणं

उबेत आणल्यावर मादीनं चार-पाच दिवसांत जेवण घेतलं, मग दर आठवड्याला एक उंदीर, कधी दोन. मार्चच्या मधे वजन ४१० आणि एकसंध कात टाकली. विश्रांतीनंतरच्या या कातीची आम्ही वाट बघत होतो, यानंतर मादीचा वास बदलतो आणि नराला ते लगेच कळतं.

मादीला नराच्या टँकमध्ये सोडलं, संध्याकाळी, दोघांचं पोट खाली असताना, आणि भाऊ समोर बसून. पहिल्या वेळी नर तिच्या अंगावरून झटके देत सरकला पण मादी पळाली, शेपटी थरथरवली. शेपटी थरथरवणं ही नको म्हणायची भाषा, घाबरल्यावर पण तशीच वाजवतात. पंधरा मिनिटांत वेगळे केले. भाऊला वाटलं ठेवू रात्रभर, करतील आपसांत. नाही ठेवले. तीन दिवसांनी परत सोडली तेव्हा मादी स्थिर राहिली, शेपटी थोडी उचलली, आणि जुळले, अर्धा तास तरी तसेच होते. मार्चअखेरपर्यंत अजून दोनदा, मग बंद.

एप्रिलमध्ये मादीचा शेवटचा तिसरा भाग भरायला लागला, ती सारखी उबदार बाजूला पडून राहायची. जेवण आधी वाढलं मग कमी झालं. लहान उंदीर दिले. एप्रिलच्या शेवटी परत डोळे दुधाळ, परत कात. अंडी घालायच्या आधीची ही कात, हिच्यानंतर साधारण एक ते दोन आठवड्यात अंडी येतात. मग सुरू झालं रात्रभर फिरणं, कोपरे उकरणं, नाक घासणं. बघा, एक वर्षाआधी फेब्रुवारीत जे दिसलं होतं तंतोतंत तेच, पण यावेळी वही उघडली की अर्थ समोर होता. झाकणाला भोक पाडलेला डबा, आत ओलसर कोकोपीट, ठेवून दिला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं त्यात पंधरा अंडी घातली, एका सकाळीच सगळी. अडकलं काही नाही.

अंडी आणि मे महिना

मादी तयार आहे का, या प्रश्नावर आम्ही सव्वा वर्ष घालवलं. घर तयार आहे का, हा प्रश्न मात्र भाऊनं अंडी हातात आल्यावर विचारला. कॉर्न स्नेकची अंडी २६ ते २९ डिग्रीत दोन महिन्याच्या आसपास उबतात. सगळे व्हिडिओ सांगतात अंडी गरम कशी ठेवायची. इथं बाहेर ४५ आणि टिनाच्या खोलीत ४१, म्हणजे उलटं कोडं. ३२ च्या वर जास्त वेळ गेलं तर पिल्लू मरतं किंवा वाकडं निघतं.

पंधरातली चार पिवळी, खडबडीत, पिचकलेली होती, ही भरलीच नव्हती, स्लग म्हणतात त्यांना. अकरा पांढरी, टपोरी. वरच्या बाजूला पेन्सिलनं फुली मारली, कारण सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं उलटसुलट करायचं नसतं, पहिल्या दिवसानंतर फिरवलं तर आतला जीव मरू शकतो. नर्सरीतून आणलेलं व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) ओलं करून, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये इतकंच, त्यात अर्धी पुरली.

ठेवायचं कुठं? नागपूरला एका ओळखीच्याकडे एसी खोली होती, पण त्या उन्हात अडीच तासाचा रस्ता. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या बाटल्या, तर तापमान तासातासाला वरखाली. मग परत माजघरच. मोठा रांजण घेतला, त्याच्या भोवती वाळू, वाळूवर ओली चुंगडी, आत अंड्याचा डबा. मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की पाणी उडून जाताना चांगलाच गारवा सोडतं, कूलर चालतो त्याच कारणानं. रांजणात २८ ते ३० मिळालं. लाईन गेली तरी फरक नाही, हे सगळ्यात मोठं. फक्त वाळू दिवसातून तीनदा ओली करायची.

आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या दिवसांत, घरचे सगळे लग्नाला गेले. शेजारच्या पोट्ट्याला सांगितलं होतं, त्यानं सकाळी पाणी टाकलं आणि दुपारी विसरला. संध्याकाळी थर्मामीटरचा कमाल आकडा ३४ दाखवत होता. किती तास तसं होतं ते कळायला मार्ग नाही.

मृगाचा पाऊस आल्यावर हवेत ओल आली, रांजणाचा गारवा थांबला, पण तोवर खोलीच ३० च्या खाली आली होती. मग डब्यात पाणी साचून बुरशी येऊ नये याची काळजी.

काय निघालं

अकरातली तीन पहिल्या पंधरवड्यातच बुरशीनं गेली. आठ राहिली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पिल्लांनी टरफलाला चिरा दिल्या, दीड-दोन दिवस नुसतं नाक बाहेर काढून बसली, भाऊला ओढून काढायची फार घाई, त्याला हात लावू दिला नाही, कारण ती आतलं उरलेलं बलक ओढून घेत असतात. सात बाहेर आली. एक पूर्ण वाढलेलं पिल्लू अंड्यातच मेलेलं. सातातलं एक मणक्यात वाकडं. ते त्या ३४ डिग्रीमुळे की आणखी कशामुळे, सांगता येत नाही, पण संशय तिकडेच जातो.

आणि सातही साध्या रंगाची! केशरी एक पण नाही. नर खरंच हेट असता तर प्रत्येक पिल्लू अ‍ॅमेल निघायची शक्यता निम्मी, सातही साधी निघायची शक्यता १२८ मध्ये एक. म्हणजे विकणाऱ्याचा दावा बहुतेक हवेतला होता. ही सात पिल्लं मात्र पक्की हेट आहेत, आई अ‍ॅमेल असल्यामुळे, त्याच्यात शंका नाही.

पुढची अडचण पिंकीची आली. पिल्लं आठवडा-दहा दिवसांत पहिली कात टाकतात आणि मग खायला मागतात, त्यांना एक-दोन दिवसांचं उंदराचं पिल्लूच गिळता येतं. पण मे-जूनच्या उष्म्यात कोठ्यातल्या उंदरांनी पिल्लं द्यायचंच बंद केलं होतं, गरमीत उंदरांची वीण मंदावते. उंदरीण तीन आठवडे गाभण असते, म्हणजे जुलैच्या पिंकीसाठी जूनमध्ये उंदीर कूलरसमोर पाहिजे होते. चार पिल्लांनी लगेच खाल्लं, दोघांनी पिंकी साबणाविना धुऊन, पालीचा वास लावून दिल्यावर. वाकड्यानं खाल्लं नाही, ते ऑगस्टमध्ये गेलं. सहातली तीन आधीपासून साप पाळणाऱ्या लोकांकडे बिलासकट गेली, फार कमी पैशात. तीन भाऊजवळ, वेगवेगळ्या डब्यात, झाकणाला क्लिप लावून, कारण एवढंसं पिल्लू पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून निघून जातं.

मादी अंडी घातल्यावर २८७ ग्रॅम. कातडी लोंबत होती, मणका दिसत होता. अडीचशे ग्रॅमच्या मादीला पहिल्या वर्षी हे झालं असतं तर काय उरलं असतं, असं भाऊ स्वतःच म्हणाला.

वेगळं काय करता आलं असतं

रांजणाची चाचणी एप्रिलमध्ये, रिकाम्या डब्यावर व्हायला पाहिजे होती. माजघराचं हिवाळ्यात आठवडाभर थर्मामीटर ठेवून बघितलं तसंच. आणि वाळू ओली करायचं काम एका पोट्ट्याच्या आठवणीवर सोडण्याऐवजी टपटप गळणारी प्लास्टिकची बाटली उलटी टांगली असती तरी दुपार निघाली असती. सलाईनची नळी लावली तर थेंबही ठरवता येतात.

अंडी सगळी ठेवायची का, यावर भाऊचं आणि माझं अजून जमत नाही. माझं म्हणणं, घेणारे तीन-चारच असतील तर पहिल्याच दिवशी सहा-सात अंडी ठेवून बाकीची गोठवून टाकावी, आतला गर्भ तेव्हा अजून फार वाढलेला नसतो. त्याला ते जड जातं. त्याचं म्हणणं, इतकी अंडी तशी पण गेलीच ना, आधीच कमी ठेवली असती तर हातात काय आलं असतं? चुकीचं म्हणत नाही तो, फक्त नऊ-दहा पिल्लं निघाली असती तर काय केलं असतं याचं उत्तर त्याच्याजवळ आजही नाही.

जोडी उशिरा, म्हणजे एप्रिलअखेर लावून अंडी पावसाळ्यात आणता येतील का, हा पण विचार झाला. गारवा तेव्हा आयता मिळाला असता. पण हिवाळा फेब्रुवारीतच संपतो, मादीचं शरीर त्याच्या मागोमाग चालू लागतं आणि नर वेळेवर नाही मिळाला तर ती नुसती पोकळ अंडी घालून बसू शकते. म्हणून तो मार्ग आम्ही सोडला, कोणी आपल्या भागात करून बघितला असेल तर सांगा.

या वर्षी जोडी नाही. दिवाळीला मादी ३६५ भरली, कात एकसंध, दर दहा दिवसाला एक उंदीर. भाऊला वाटते मार्चमध्ये परत लावू. चारशेच्या वर गेली, उंदरांचा पिंजरा कूलरच्या खोलीत हलवला आणि चार घेणारे आधी ठरले, तर पुढच्या वर्षी, असं वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच हातानं लिहून घेतलंय.